पेल्याच्या तळाचा साका

१

हाज तिजानीच्या घरातून रडण्याचा आवाज आला तेव्हा मी सकाळचा पहिला चहा घेत होतो. चहा तसाच टाकून निघालो. मला फारसं नवल वाटलं नव्हतं. हाजची मूत्रपिंडं कामातून गेली होती, अल-उबैदच्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि आज ना उद्या हा आवाज येणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मी उम्म हशाबचा उमदा, म्हणजे गावचा मुख्य. मयताच्या घरी पहिलं मीच पोचायचं, असा रिवाज आहे.

पण दारातच हाजची बायको, हाज्जा कुलसूम, आडवी आली. तिच्या हातात काचेचा पेला होता.

"बघ, उमदा! डोळे उघडून बघ! माझ्या नवऱ्याला विष घातलं!"

मी पेला उजेडात धरला. तळाला पांढरं काहीतरी चिकटून बसलं होतं, फाटलेल्या दुधाच्या गाठीसारखं.

आमच्याकडे कुणाचं पोट बिघडलं, कुणाची मूत्रपिंडं दुखायला लागली, की हशाबच्या झाडाच्या डिंकाचं पाणी देतात. गावाची अर्धी झाडं हाजच्या मालकीची, त्यामुळे त्याच्यासाठी खडेही निवडक असत. संध्याकाळी मडक्यात भिजत घालायचे, पहाटे फडक्यातून तीनदा गाळायचे आणि फजरच्या नमाजानंतर पेला त्याच्या हातात द्यायचा. हे पाणी मधाच्या रंगाचं आणि आरपार दिसेल इतकं नितळ असतं. पांढरं कधी होत नाही. हे पाणी करण्याचं काम धाकट्या सुनेचं, सित्तनाचं. तिचा नवरा तोम दूर पोर्ट सुदानला बंदरावर डिंकाची पोती चढवतो.

सित्तना भिंतीला टेकून उभी होती.

"पोरी, काय घातलंस यात?" मी विचारलं.

तिनं पेल्याकडे पाहिलं. मग थोरल्या दिराकडे, मकावीकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"डिंक आणि पाणी," ती म्हणाली. त्यानंतर तिनं तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच.

मडक्यात उरलेलं पाणी मी स्वतः पाहिलं. ते स्वच्छ होतं. म्हणजे जे काही पडलं ते पेल्यातच पडलं होतं, आणि पेला भरला होता सित्तनानं. लोक अंगणात जमले होते, बायका तिच्या अंगावर धावून जात होत्या. मी तिला डिंकाच्या कोठारात नेऊन बसवलं, दाराशी एक म्हातारी बसवली आणि पोलीस चौकीला निरोप धाडला. पोलिसांची लॉरी सुतकाच्या तिसऱ्या दिवशी येईल, असं उत्तर आलं.

सित्तनाची पाच वर्षांची मुलगी राय्या आईच्या मागे धावली. हाज्जानं तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"तुझी आई जाईल तुरुंगात. तू राहशील माझ्याकडे," ती म्हणाली. पोरगी रडलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली.

२

दुसऱ्या दिवशी मयताला म्हणून बतूल आली. ती हाजची पुतणी, याच गावात वाढलेली. अल-उबैदला औषधशास्त्र शिकली आणि आता तिथल्या डिंकाच्या कारखान्यात माल तपासते. गावात तिला सगळे दोक्तोरा म्हणतात. चष्म्याला दोरी बांधलेली, चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. तिला जे खटकतं ते ती बोलल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे तिच्याशी माझं कधी पटलं नाही आणि तिच्यावाचून कधी अडलं नाही असंही झालं नाही.

ती चुलत्यासाठी मनापासून रडली. मग तोंड धुऊन माझ्या अंगणात आली आणि म्हणाली, "उमदाकाका, पेला दाखवा."

मी तो कपाटात कुलपात ठेवला होता. साका आता वाळून पांढरा खडखडीत झाला होता. तिनं वास घेतला, नखानं टोकरून पाहिलं.

"काका, तुम्ही डिंकाच्या गावात जन्मलात ना?"

"तुझ्या बापाच्या आधी जन्मलो."

"मग विषाची पूड डिंकाच्या पाण्यात तळाला बसली, हे तुम्हाला पटलं कसं?"

मी म्हणालो, पूड आहे, तळाला बसणार नाही तर काय उडून जाणार? तिनं मदरशातून खडू मागवला. माझ्या बायकोच्या खलात कुटला. एका भांड्यात साधं पाणी आणि दुसऱ्यात हाजच्या मडक्यातलं घट्ट डिंकाचं पाणी घेऊन दोन्हीत चिमूटभर टाकून ढवळलं.

"आता चहा पाजा," ती म्हणाली.

चहा झाला. साध्या पाण्यातला खडू खाली बसला होता आणि वर पाणी निवळलं होतं. डिंकाच्या पाण्यातला खडू मात्र होता तसाच, सगळीकडे सारखा तरंगत होता.

"परदेशचे औषधवाले आमच्याकडून डिंक घेतात तो याचसाठी," बतूल म्हणाली. "पातळ औषधात पूड खाली बसली तर पहिल्या चमच्यात नुसतं पाणी जाईल आणि शेवटच्या चमच्यात सगळं औषध. डिंक घातला की ती तरंगत राहते. सित्तनानं पूड घालून ढवळून दिली असती तर ती हाजच्या पोटात गेली असती. अशी गठ्ठ्यानं तळाला चिकटली नसती."

"मग हे काय आहे?"

"मला माहीत नाही. पण पेला सित्तनाच्या हातातून गेला तेव्हा हे त्यात नव्हतं. त्यानंतर त्या पेल्याजवळ दुसरं कुणीतरी होतं."

३

गावात पांढरी पूड घेऊन आलेला एकच माणूस होता, आणि तो सुतकाच्या चटईवर बसून सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जास्त जेवत होता. अदलान, कोळशाचा व्यापारी. हाजची उत्तरेकडची बाग तोडून भट्टी लावायची म्हणून वर्षभर हाजच्या मागे लागलेला. हाज त्याला हाकलत होता आणि तो पुन्हा येत होता. गेल्या आठवड्यात त्यानं हाजला एक पुडकं दिलेलं गावानं पाहिलं होतं.

मी त्याला बाजूला बोलावलं.

"उमदा, मी लाकडं जाळतो, माणसं नाही," तो तोंडातला घास गिळत म्हणाला. "भेट म्हणून आणलं होतं. म्हटलं, म्हातारा जरा मऊ होईल."

"आणि मेला की आणखी मऊ होईल."

"मेल्यावर बाग मकावीकडे जाते. तो तर बापाहून कडक. मला काय मिळालं?"

पुडकं हाजच्या खाटेखालीच होतं, फोडलेलं. आत पिठासारखी पांढरी पूड. मी मनात म्हटलं, सापडलं! तेवढ्यात बतूलनं बोट बुडवून तोंडात घातलं.

"अगं बाई, मरायचंय का?" मी ओरडलो.

"हा आमच्याच कारखान्याचा डिंक आहे, काका. खडे फोडतात, विरघळवतात, काडीकचरा गाळतात आणि ते पाणी गरम हवेत फवारतात. पाणी उडून जातं, ही पूड उरते. गोळ्यांत जाते, शीतपेयांत जाते, मिठाईत जाते." तिनं चमचाभर पूड पाण्यात टाकली. ती बघता बघता विरघळून गेली. "हाजनं घेतली होती का ही?"

"एकदाच चाखली," अदलान म्हणाला. "म्हणाला, याला झाडाचा वासच नाही, घेऊन जा तुझं पीठ. चारचौघांत म्हणाला."

बतूल कोठारात सित्तनाकडे गेली. बाई खाली बसली होती. आजूबाजूला डिंकाची पोती. अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबनं डोकंही झाकलेलं, आणि त्या तोबचा एक कोपरा टरकावून काढलेला.

"हा कसा फाटला?" बतूलनं विचारलं.

तिनं तो मुठीत झाकून घेतला.

"सित्तना, उद्या लॉरी येतेय. तुला कळतंय ना? राय्या हाज्जाकडे राहील. तू काही पाहिलं असशील तर बोल."

सित्तनानं शेजारच्या पोत्याची उसवलेली शिवण नखानं दाबली. मग म्हणाली, "मेलेल्या माणसाला स्वतःसाठी काही बोलता येत नाही, दोक्तोरा." आणि पुन्हा तिनं मान खाली घातली. मला तिचा राग आला, खरं सांगतो. बुडणाऱ्या माणसाला दोर टाकावा आणि त्यानं तो बाजूला सारावा, तसं वाटलं.

बोलली ती राय्या. हाजची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. पेल्यातला शेवटचा घोट तो नातीसाठी ठेवायचा. पोरगी रोज पहाटे खाटेच्या पायाशी येऊन बसायची.

"त्या दिवशी घोट नाही मिळाला?" बतूलनं तिला मांडीवर घेत विचारलं.

"नाही. मकावीकाका दारात होता. म्हणाला, आजोबांनी सगळं संपवलं. मला गोड गोळी दिली आणि म्हणाला, जा, खेळ."

"तू आत पाहिलंस?"

"आत धूर होता. नवरीच्या घरी असतो तसा, वासाचा."

बतूलनं माझ्याकडे पाहिलं. खोकून खोकून बेजार झालेल्या म्हाताऱ्याच्या खोलीत धूप कोण जाळतो? आणि पेला संपला होता, तर त्याच्या तळाला साका कसा उरला?

"हाजच्या प्रेताला अंघोळ कुणी घातली, काका?"

"मकावीनं. एकट्यानं. मशिदीतला फकी मदतीला गेला तर त्याला दाराबाहेर काढलं. आम्हाला वाटलं, दुःख झालंय."

४

मकावी हा माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला माणूस. उंच, कष्टाळू, मोजकं बोलणारा. मी त्याला सरळ विचारलं, बाप जाण्याच्या आदल्या संध्याकाळी कुठं होतास?

"उत्तरेच्या बागेत. डिंक वेचायला."

तो गेल्यावर मी बराच वेळ दाढी कुरवाळत बसलो. काहीतरी खुपत होतं आणि सापडत नव्हतं. सापडलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, कारण हे मला उभ्या उभ्याच कळायला हवं होतं. त्याच आठवड्यात मी उत्तरेच्या बागेवरून गेलो होतो. माणसं तेव्हा कुठे लांब दांड्याच्या सोंकीनं साल काढत होती, झाडांच्या जखमा ओल्या दिसत होत्या. पावसाळा लांबला म्हणून तिथली साल यंदा उशिरा काढली. साल काढल्यावर डिंकाचा खडा धरायला आठवडेच्या आठवडे जातात. त्या बागेत वेचायला होतं काय?

आणि त्या बागेपलीकडे वाट जाते ती एकाच ठिकाणी. कोरड्या ओढ्याकाठी हव्वाची झोपडी आहे. ती खजुराची दारू, अरगी, गाळते. पूर्वी गावात गाळायची. हाज तिजानीनं स्वतः पुढे होऊन तिला वेशीबाहेर घालवलं.

मी हे बतूलला सांगितलं. ती ताडकन उभी राहिली.

"किती कडक असते ती?"

"मला काय विचारतेस? मी काय पितो?"

"ऐकून तरी माहीत असेल."

"पहिल्या धारेची पेटते म्हणतात," मी म्हणालो. "असं ऐकलंय."

ती दवाखान्यात जाऊन जखमा पुसायच्या स्पिरिटची बाटली घेऊन आली. पेल्यात घोटभर डिंकाचं पाणी घेतलं, नितळ, मधाच्या रंगाचं. त्यावर स्पिरिट ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं, गाठी धरल्या आणि त्या खाली जाऊन तळाला चिकटल्या. तिनं वरचं ओतून दिलं. जे उरलं ते मी ओळखलं.

मग तिनं हाजच्या पेल्यातला साका थोडा खरवडला, पाण्यात टाकला आणि ढवळत बसली. माझ्या बायकोनं दोनदा चहा आणला. दुसरा चहा संपला तेव्हा पाण्यात पांढरं काही उरलं नव्हतं. बतूलनं ते पाणी फडक्यातून गाळलं आणि मी हात पुढे करायच्या आत पिऊन टाकलं.

"डिंक आहे, काका. नुसता डिंक. पाण्यात तो सुखानं राहतो. वरून कडक दारू पडली की पाण्याची साथ सोडून खाली बसतो. आमच्याकडे मालाची परीक्षा घेताना आम्ही हेच करतो."

म्हणजे विष नव्हतंच. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी खाटेवर बसलो.

हाज तिजानी! गावाला नमाजासाठी हाक देणारा माणूस. मकावी विशीत असताना एकदा झिंगून घरी आला, तेव्हा त्याला मशिदीसमोरच्या झाडाला बांधून ज्यानं स्वतःच्या हातानं फोडून काढलं, तो बाप. त्या माणसाच्या शेवटच्या पेल्यात अरगी. हे बोललो तर सित्तना सुटते आणि हाजचं नाव मातीत जातं. न बोललो तर जिवंत बाई तुरुंगात जाते आणि तिची पोर दुसऱ्याच्या दारात वाढते.

"काका," बतूल म्हणाली, "लॉरी उद्या येतेय."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मकावीला घेऊन जुन्या बागेत गेलो. तिथले डिंकाचे खडे वेचणीला आले होते, पण सुतकामुळे कुणी हात लावला नव्हता. बतूलनं त्याला काही विचारलं नाही. एकामागून एक सांगत गेली: वेचायला काही नसलेली बाग, धूप, पोरीला दिलेली गोळी, फकीला घातलेली आडकाठी, पेल्यातला डिंक. मकावी झाडाच्या बुंध्याला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

"तो रात्र रात्र ओरडत नव्हता," तो म्हणाला. "ओरडला असता तर बरं झालं असतं. दात दाबून पडून राहायचा. मला म्हणाला, तुला माहीत आहे ती कुठं मिळते. एवढंच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काहीतरी मागितलं, काका. मी नाही कसं म्हणू?"

"आणि पेल्यात शेवटचा घोट होता," बतूल म्हणाली.

"दुसरं भांडं घ्यायला चुलीपाशी जावं लागलं असतं. आई तिथं होती. मी त्यातच ओतली. ओतल्याबरोबर पांढरं झालं. आम्ही दोघं बघतच राहिलो. मी म्हटलं, बाबा, पिऊ नका. तो म्हणाला, अल्लाला मला जे म्हणायचं ते त्यानं म्हटलंय, तू मध्ये बोलू नकोस. आणि वरचं सगळं प्यायला. मग झोपला. कितीतरी दिवसांनी झोपला. नंतर मी हात लावला तर थंड."

वारा सुटला होता. 

"सित्तनाचं नाव का घेतलंस?" मी विचारलं.

"आईनं घेतलं. मी नाही म्हटलं नाही. मला वाटलं, त्या बाईनं पाण्यात काहीतरी घातलं असणार, म्हणूनच ते फाटलं."

"खरंच वाटलं?" बतूलनं विचारलं.

तो तिच्याकडे बघू शकला नाही. "वाटून घेतलं," तो म्हणाला. "नाहीतर बापाला मी मारलं असं झालं असतं."

"तू नाही मारलंस. लघवी बंद होऊन किती दिवस झाले होते, ते कंपाउंडरला विचार. तो त्या दिवशी गेला नसता तर दुसऱ्या दिवशी गेला असता." बतूलचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. मग तितकाच कडक झाला. "पण तिला तू मारणार होतास. आणि ऐक, तिला सगळं माहीत आहे. सकाळी हाजचं तोंड पुसलं ते तिनं, बायका सांगतात. कशानं पुसलं? स्वतःच्या तोबच्या कोपऱ्यानं. त्याला वास लागला. तुम्ही तिच्यावर ओरडत होता तेव्हा तिनं तो कोपरा फाडून चुलीत घातला असणार. दोन दिवस कोठारात बसून आहे, खून केला म्हणतात ते ऐकतेय, आणि तुझ्या बापाचं नाव राखतेय."

मकावीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. त्याच्या पाठीकडे पाहवेना.

"काका, बाबांचं नाव घेऊ नका," तो शेवटी म्हणाला. "माझ्यावर उपकार करा. दुसरं काहीही सांगा."

"मी काही सांगणार नाही," मी म्हणालो. "दोक्तोरा पेल्यातला डिंक दाखवेल. त्यापुढं काय सांगायचं ते तू ठरव. तू तोंड उघडलं नाहीस तर मग मी उघडीन."

६

लॉरी दुपारच्या नमाजानंतर आली. हवालदार घामाघूम होता आणि त्याला लवकर निघायचं होतं. चटया गच्च भरल्या होत्या. सित्तनाला कोठारातून आणून दाराशी उभं केलं. राय्या हाज्जाच्या मुठीतून सुटून आईच्या पायाला जाऊन बिलगली.

बतूलनं सगळ्यांसमोर उरलेला साका पाण्यात विरघळवला. हवालदार जांभया देत होता, पण ती ते पाणी प्यायली तेव्हा त्याची जांभई अर्ध्यावर थांबली. मग तिनं दुसऱ्या पेल्यात नितळ पाणी घेतलं आणि त्यात बाटलीतलं स्पिरिट ओतलं. पांढऱ्या गाठी खाली जाताना मागच्या रांगेतल्या माणसांनीही पाहिल्या. माझं गाव अडाणी नाही. स्पिरिटाचा वास आला आणि कुजबुज उठली. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या.

"अरगी?" हाज्जा कुलसूम किंचाळली. "माझ्या घरात? हाजच्या पेल्यात? जीभ झडेल तुमची!"

 सगळी माणसं हाजच्या रिकाम्या खाटेकडे बघत होती.  आता मलाच बोलावं लागणार, असं वाटलं.

मकावी उठला.

"माझी होती," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "रात्रभर बापाशेजारी बसलो होतो. सहन झालं नाही. पेल्यात त्याचा घोट उरला होता, त्यातच ओतली आणि मी प्यायलो. तो झोपेतच गेला होता. वास येऊ नये म्हणून मी धूप लावला. सित्तनानं फक्त डिंक आणि पाणी दिलं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो."

दाराशी हालचाल झाली. सित्तना एक पाऊल पुढे आली होती. तिचे ओठ हलले.

"नाही, हे असं..."

"तू गप्प बस, सित्तना," मकावी म्हणाला. हात जोडल्यासारखं म्हणाला. "दोन दिवस बसलीस तशीच."

ती थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते चटईवर आम्हा तिघाचौघांनाच कळलं, आणि त्यातल्या कुणीच ते अजून बाहेर काढलेलं नाही. मी आता सांगतोय, कारण हाज्जा गेली, मकावीही गेला आणि हव्वाच्या झोपडीचा मागमूस उरला नाही.

हवालदारानं टोपी काढून डोकं पुसलं. "म्हणजे खून नाही. मग दारूचं तुमच्या पंचायतीत बघा, उमदा," तो म्हणाला आणि लॉरी सुरू केली.

दारूला चाळीस फटके. ते मलाच सांगावं लागलं आणि मी सांगितलं. मशिदीसमोरच्या त्याच झाडाखाली, जिथं बापानं त्याला बांधलं होतं. या वेळी बांधावं लागलं नाही. तो स्वतःच बुंध्याला हात लावून उभा राहिला. हाज्जानं तोंडावरून तोब ओढला होता. तिला त्या दिवशी थोरल्या मुलाची शरम वाटली, आणि मरेपर्यंत वाटत राहिली. त्याबद्दल मकावी तिला चकार शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला बघायला गेलो. तो अंगणातल्या खाटेवर पालथा पडला होता. सित्तना चुलीशी बसून फडक्यातून डिंकाचं पाणी गाळत होती. एका वाडग्यात घट्ट ठेवलं होतं, त्याच्या पाठीला लावायला. दुसरं पेल्यात ओतलं आणि तिनं तो स्वतः त्याच्या हातात नेऊन दिला.  राय्या खाटेच्या पायाशी येऊन बसली होती, रोज बसायची तशी.

मकावी कोपरांवर उठला. त्याला ते जड गेलं. सावकाश प्यायला, मध्येच थांबला आणि पेला उजेडात धरून तळाकडे पाहिलं. पाणी नितळ होतं. त्यानं पेला खाली वाकवून पोरीपुढे धरला. तिनं आधी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला आणि शेवटचा घोट पिऊन टाकला.